इंग्रजी मेलमधलं ‘तुम्ही’ कुठे असतं?

आमचं कोथरूडला चार माणसांचं डिझाइनचं ऑफिस आहे. काही वर्षांपूर्वी मँचेस्टरच्या एका ग्राहकाकडे आमच्या बिलाचे पैसे राहिले होते. नव्याने लागलेल्या मुलाला मी म्हटलं, ‘एक आठवणीचा मेल टाक त्यांना. जरा नीट लिही.’ त्याने त्याच्या मते नीटच लिहिलं: ‘रिस्पेक्टेड सर, काइंडली क्लिअर द पेमेंट ॲट द अर्लिएस्ट अँड रिव्हर्ट.’ मी वरवर नजर टाकली, काही खटकलं नाही, मेल गेला. दोन दिवसांनी उत्तर आलं. तोपर्यंत ‘हाय’ म्हणून सुरुवात करणारा आणि खाली नुसतं पहिलं नाव लिहिणारा तो गृहस्थ आता ‘डिअर मिस्टर’ आणि पुढे माझं आडनाव लिहून बोलत होता. मजकूर एका ओळीचा: ‘युअर कॉमेंट्स हॅव बीन नोटेड.’

काहीतरी बिनसलं होतं एवढं समजलं. पण काय? आम्ही ‘रिस्पेक्टेड’ म्हटलं होतं, ‘काइंडली’ म्हटलं होतं. याहून आदर तो किती करायचा?

तेव्हापासून मी इंग्रजी मेल जरा निरखून वाचायला लागलो. आमचा शब्द चुकला नव्हता, हिशेब चुकला होता. आपण धरून चालतो की भाषा जितकी औपचारिक तितका आदर जास्त. इंग्रजीत औपचारिक शब्द मुख्यतः अंतर दाखवतात. आदर तिथे वेगळ्याच खिशात ठेवलेला असतो, आणि तो खिसा कुठे आहे हे आपल्याला शाळेत कुणी दाखवलेलं नसतं.

पुढे इंग्रजी वाक्यं देवनागरीत येतील. जमल्यास मोठ्याने वाचा. सूर डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतो.

‘द्या’ इंग्रजीत कसं म्हणायचं

मराठीत आदर क्रियापदाच्या शेपटाला बांधलेला असतो. दे, द्या, द्यावं, द्याल का, देता येईल का. तू, तुम्ही, आपण हे शब्द उच्चारले नाहीत तरी ऐकणाऱ्याला आपली जागा कळते. इंग्रजीत ही सोय आता नाही, पण एके काळी होती. ‘दाऊ’ म्हणजे तू आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही. सतराव्या शतकाच्या आसपास ‘दाऊ’ रोजच्या बोलण्यातून सरत गेलं आणि सगळ्यांना मिळून एक ‘यू’ उरलं. म्हणजे इंग्रजांनी सगळ्या जगाला अरेतुरे केलं असं आपल्याला वाटतं ते बरोबर उलटं आहे. त्यांनी सगळ्यांना अहोजाहो केलं. इंग्रज माणूस आपल्या कुत्र्यालाही तुम्हीच म्हणतो. पण जे कुत्र्यालाही मिळतं, त्यात साहेबाला विशेष काय वाटणार?

आता आपलं काय होतं ते बघा. मनात ‘जरा ती फाइल पाठवा’ असं चांगलं अदबशीर मराठी वाक्य असतं आणि बोटांतून ‘सेंड मी द फाइल’ उतरतं. ‘पाठवा’मधला ‘वा’ आणि आधीचं ‘जरा’, दोन्ही वाटेत गळून पडतात. पलीकडे पोचतं ते ‘फाइल पाठव’. आपल्यालाही वाक्य उघडंबोडकं वाटतं, म्हणून पुढे ‘प्लीज’ लावतो. तेही अपुरं वाटलं तर ‘काइंडली’. पण हुकमाला प्लीज जोडलं तरी हुकूमच राहतो. ‘कृपया रांगेत उभे राहा’ ही पाटी आपल्याला विनवते आहे असं कधी कुणाला वाटलंय?

इंग्रजीत विनंती विनंतीसारखी वाटावी यासाठी दोन युक्त्या आहेत: वाक्याचा प्रश्न करायचा, आणि क्रियापद भूतकाळात ढकलायचं. ‘कॅन यू सेंड’ रोजच्या सहकाऱ्याला पुरतं. ‘कुड यू सेंड’ त्याहून मऊ, आणि ते जवळजवळ कुठेही चालतं; ज्याला एकच साचा पाठ करायचा आहे त्याने हा करावा. आपण समोरच्याला थोडा त्रास देतोय हे माहीत असेल तर ‘वुड यू माइंड सेंडिंग’. आणि ज्या गोष्टीवर आपला काही हक्कच नाही ती मागताना ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड’.

कुड, वुड, वॉज ही सगळी मुळात भूतकाळाची रूपं. काम आजचं आणि क्रियापद कालचं, हे व्याकरणाच्या पुस्तकात विचित्र वाटतं. पण शेजारच्या काकांकडे जाऊन आपण ‘काका, जरा काम होतं’ म्हणतो तेव्हा काय करतो? काम होतं म्हणजे आता संपलं, असं काका समजत नाहीत. ‘होतं’ म्हणणं म्हणजे उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलणं. आत बोलवायचं की नाही ते काकांनी ठरवायचं. ‘आय वॉज वंडरिंग’ हे तेच उंबऱ्याबाहेर उभं राहणं आहे.

या सगळ्यात एकही जड शब्द आलेला नाही. ‘कुड यू हेल्प मी विथ धिस?’ हे वाक्य पुरेपूर नम्र आहे आणि मुळीच औपचारिक नाही. याउलट ‘यू आर रिक्वायर्ड टु सबमिट द डॉक्युमेंट्स’ हे कडक इस्त्रीचं आहे आणि त्यात नम्रतेचा थेंब नाही. ही दोन वेगळी बटणं आहेत. आपण औपचारिकतेचं बटण पिळत राहतो आणि नम्रता वाढली असं समजतो.

‘आलात का महाराज!’

मग औपचारिक भाषा एकदम वाढली की नेमकं काय होतं? हे समजायला इंग्लंडला जायची गरज नाही. रात्री साडेअकराला घरी उगवणाऱ्या मुलाला आई विचारते, ‘आलात का महाराज! जेवणार आहात, की बाहेरच झालं आपलं?’ क्रियापदं सगळी आदरार्थी, आणि मुलगा मुकाट्याने ताट घेऊन बसतो. जिथे ‘तू’ होतं तिथे अचानक ‘आपण’ आलं की घरातलं तापमान उतरलेलं असतं.

मँचेस्टरच्या गृहस्थाचं ‘डिअर मिस्टर’ हे त्याचं ‘आलात का महाराज’ होतं. आणि तो तसं बोलला, कारण आमचा मेल त्याने तसाच वाचला. कालपर्यंत ‘हाय’ करणारे लोक आज ‘रिस्पेक्टेड सर’ म्हणतायत, म्हणजे वकिलाकडे जाऊन आलेले दिसतात.

इंग्रजीतले जड शब्द हे काम इतकं चोख का करतात, यामागे इतिहास आहे. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची तीनेकशे वर्षं दरबार आणि न्यायालयं यांत फ्रेंच चाललं, चर्चमध्ये आणि दप्तरात लॅटिन. शेतात आणि स्वयंपाकघरात मात्र जुनी इंग्रजीच राहिली. न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा 1362 मध्ये झाला, कारण लोकांना फ्रेंच कळेनासं झालं होतं. तोवर शब्दांची जोडी जमली होती. ‘बाय’ घरातलं, ‘पर्चेस’ दरबारातलं. ‘हेल्प’ आणि ‘असिस्ट’, ‘स्टार्ट’ आणि ‘कमेन्स’, ‘आस्क’ आणि ‘एन्क्वायर’ यांचंही तेच. मृत्युपत्राला आजही ‘विल अँड टेस्टमेंट’ म्हणतात; पहिला शब्द इंग्रजी, दुसरा लॅटिन, अर्थ जवळजवळ एकच.

आपल्याकडेही हे थर आहेत, फक्त ते वेगळ्या वाटेने आले. तारीख लग्नाची विचारतात, दिनांक पत्रावर घालतात. मदत माणूस करतो, साहाय्य योजना करते. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय द्यावेत म्हणून. शब्दाचा थर बदलला की सत्तेचा आवाज बदलतो हे त्यामागे होतंच. म्हणून ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ वाचलं की आपली पाठ आपोआप ताठ होते. इंग्रज वाचकाचं ‘कमेन्स’ आणि ‘हिअरविथ’ वाचून तसंच होतं.

गंमत म्हणजे आज इंग्रजांचं सरकारच या जड शब्दांपासून पळतंय. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळासाठी लिहिणाऱ्यांना स्पष्ट सांगितलेलं असतं की ‘पर्चेस’ऐवजी ‘बाय’ लिहा, ‘असिस्ट’ऐवजी ‘हेल्प’, ‘अप्रॉक्सिमेटली’ऐवजी ‘अबाऊट’. अमेरिकेने 2010 मध्ये सरकारी लेखन सोपं असावं असा कायदाच केला. आपण मात्र त्यांनी टाकलेला कोट घालून त्यांच्याच घरी जेवायला जातो.

आपल्या ऑफिसांतली खास इंग्रजी

‘डू द नीडफुल’ हे भारतीयांनी बनवलेलं नाही. ते जुनं ब्रिटिश इंग्रजीच आहे. कारकुनांबरोबर इथे आलं आणि इथेच राहिलं, तिकडे मात्र विरून गेलं. आजीच्या ट्रंकेतली पैठणी जशी अस्सल असूनही रोज नेसायची नसते, तसं. भारतातल्या भारतात लिहा, कुणाचं काही बिघडत नाही. मला तर त्याच्याबद्दल थोडी मायाही आहे. पण बाहेरच्या वाचकाला त्यातून नक्की काय करायचं ते कळत नाही. त्यापेक्षा जे हवंय ते सरळ लिहिलेलं बरं: ‘कुड यू साइन पेज टू अँड सेंड इट बॅक?’

‘रिव्हर्ट’ जास्त घोटाळ्याचं. आपल्याकडे, सिंगापुरात, मलेशियात त्याचा अर्थ उत्तर देणं. लंडनला किंवा न्यूयॉर्कला त्याचा अर्थ पूर्वस्थितीला परत जाणं. सॉफ्टवेअरच्या माणसाला ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिलंत तर तो आठवड्याभराचं काम पुसून बसेल, आणि त्याची चूक नसेल. ‘रिप्लाय’ किंवा ‘लेट मी नो’ म्हणावं. ‘आय हॅव अ डाऊट’ म्हटलं की तिकडच्या माणसाला वाटतं आपला त्याच्यावर विश्वास नाही. आपल्याला म्हणायचं असतं ‘क्वेश्चन’. ‘इंटिमेट मी’ तर लिहूच नका. शब्दकोशात त्याचा कळवणे हा अर्थ आहे, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात आधी दुसराच येतो.

‘ॲट द अर्लिएस्ट’मध्ये अडचण वेगळी आहे. त्यात घाई आहे आणि तारीख नाही. ‘बाय फ्रायडे’ हे दोन साधे शब्द त्याहून नम्रही वाटतात आणि कामही करतात. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा, कारण 03/04 म्हणजे ब्रिटनमध्ये 3 एप्रिल आणि अमेरिकेत 4 मार्च.

पैसे मागण्याच्या तीन पायऱ्या

थकलेलं बिल मागणं ही या विषयाची सगळ्यात चांगली शिकवणी आहे, कारण तिथे औपचारिकता मुद्दाम वाढवत न्यायची असते.

पहिला मेल मुदत उलटून चार-पाच दिवस झाल्यावर. ‘जस्ट अ क्विक नोट टु चेक दॅट अवर मार्च इनव्हॉइस रीच्ड यू ओके.’ पैशाचा उल्लेखसुद्धा नाही. बिल पोचलंच नसेल, अशी सबब आपणच समोरच्याच्या हातात ठेवतो. तो ‘अरे हो, राहिलंच’ म्हणून मोकळा होतो, कुणाची मान खाली जात नाही. ‘जस्ट’ आणि ‘क्विक’ हे आपल्या ‘जरा’ आणि ‘सहज’चे भाऊ.

दुसरा पंधरा दिवसांनी. ‘आय ॲम फॉलोइंग अप ऑन द इनव्हॉइस बिलो, विच वॉज ड्यू ऑन 30 एप्रिल. कुड यू लेट मी नो वेन वी कॅन एक्स्पेक्ट पेमेंट?’ आता तारीख आली, पेमेंट हा शब्द आला, ‘जस्ट’ गेलं. पण ‘कुड यू’ अजून आहे आणि लिहिणारा ‘आय’ म्हणजे एक माणूसच आहे.

तिसऱ्यात ‘हाय’ जाऊन ‘डिअर मिस्टर’ येतं, ‘आय’ जाऊन ‘वी’ येतं. ‘वी नोट दॅट पेमेंट रिमेन्स आउटस्टँडिंग. प्लीज अरेंज पेमेंट बाय 15 जून.’ प्रश्नचिन्ह नाही. माणूस मागे सरला, कंपनी पुढे आली. हा मेल उद्या कुणाला तरी दाखवावा लागेल याची तयारी ठेवून लिहिलेला आहे, आणि वाचणाऱ्याला ते बरोबर कळतं.

आम्ही पहिल्याच दिवशी तिसरी पायरी गाठली होती. त्यापुढे चढायला जागाच नव्हती.

याच गावातला आणखी एक रहिवासी म्हणजे कर्मणी प्रयोग. ‘निर्णय घेण्यात आला आहे’, ‘कळविण्यात येते की’. सरकारी मराठीचा हा जीव की प्राण, कारण त्यात कर्ता सापडत नाही. इंग्रजी मेलमध्ये कर्ता असा लपवणं अगदी टाकाऊ नाही. दुसऱ्याची चूक दाखवायची असेल तेव्हा ‘यू फरगॉट द अटॅचमेंट’पेक्षा ‘द अटॅचमेंट सीम्स टु बी मिसिंग’ बरं; फाइल जणू आपल्या पायांनी निघून गेली. आपली चूक असेल तेव्हा मात्र कर्ता लपवू नये. 1987 च्या जानेवारीत अमेरिकी काँग्रेससमोर भाषण करताना राष्ट्राध्यक्ष रेगन इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या प्रकरणाबद्दल म्हणाले की गंभीर चुका केल्या गेल्या. कुणी केल्या, ते वाक्यात नव्हतं. अशा वाक्याची आजही थट्टा होते. ‘वी मेड अ मिस्टेक, हिअर इज द करेक्टेड फाइल’ लिहावं आणि मोकळं व्हावं.

वरची ओळ, खालची ओळ

‘डिअर’मध्ये प्रेम नसतं, हे एकदा मनाला समजावलं की ‘रिस्पेक्टेड’ची गरज संपते. अनोळखी माणसाला पहिला मेल ‘डिअर मिस्टर’ किंवा ‘डिअर मिझ’ आणि आडनाव, असा करावा. आडनावच. ‘मिस्टर सुरेश’ हे आपल्या ‘सुरेशराव’चं भाषांतर आहे आणि इंग्रजीत ते बसत नाही. बाईंचं लग्न झालंय की नाही याची चौकशी ‘मिझ’ करत नाही, म्हणून ते सुरक्षित. बाई की बुवा हेही माहीत नसेल तर पूर्ण नाव लिहावं. ‘सर’ आपल्याकडे ऑफिसात दर वाक्याला लागतं. लंडनच्या किंवा शिकागोच्या ऑफिसात साहेबालाही पहिल्या नावानेच हाक मारतात, आणि सतत सर ऐकून तो साहेब अवघडतो.

खाली काय लिहायचं यावर ब्रिटिशांचा जुना नियम होता. वर ‘डिअर सर’ असेल तर ‘योर्स फेथफुली’, वर नाव असेल तर ‘योर्स सिन्सिअरली’. आपल्या शाळांनी तो जपला, आणि कागदी पत्रात अजून शोभतो. मेलला ‘काइंड रिगार्ड्स’ किंवा ‘बेस्ट रिगार्ड्स’ पुरतं. नुसतं ‘रिगार्ड्स’ काहींना कोरडं लागतं. ‘कळावे, लोभ असावा’ लिहिणाऱ्या आपल्या आजोबांना जसं नुसतं ‘कळावे’ लागलं असतं, तसं.

खरी गुरुकिल्ली समोरच्याच्या मेलमध्येच असते. त्याने खाली नुसतं पहिलं नाव लिहिलं असेल तर ती परवानगी आहे; पुढच्या वेळी त्या नावाने ‘हाय’ करा. त्याने ‘डोन्ट’, ‘आयल’ अशी जोडरूपं वापरली तर तुम्हीही वापरा. त्याच्याहून एक पायरी खाली मात्र आपण आधी उतरू नये, आणि त्याने साहेबाला ‘सीसी’त ठेवलं असेल तर एक पायरी चढावं. सगळ्यात वाईट दिसते ती सरमिसळ. ‘हे जॉन, आय शॅल बी ग्रेटली ऑब्लाइज्ड’ म्हणजे ‘काय रे बंड्या, आपण उपस्थित राहून उपकृत करावे’.

अमेरिकन आणि ब्रिटिश यांतही फरक आहेतच, आणि काही भलतेच महागात पडतात. प्रस्ताव ‘टेबल’ करायचा म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घ्यायचा, अमेरिकेत बाजूला ठेवायचा. ‘क्वाइट गुड’ अमेरिकनाच्या तोंडी कौतुक असतं, ब्रिटिशाच्या तोंडी ते ‘ठीक आहे’ इतकंच असू शकतं. आणि ब्रिटिश माणसाने ‘विथ रिस्पेक्ट’ म्हणून वाक्य सुरू केलं की त्यापुढे तुमचं म्हणणं खोडून निघणार असं समजावं. तिथेसुद्धा आदर शब्दात आला की सूर बिघडलेला असतो.

तर आमचं बिल. आठवडाभर गप्प बसलो, मग मी स्वतः लिहायला घेतलं. वर ‘हाय’ आणि त्याचं पहिलं नाव. खाली: ‘सॉरी इफ अवर लास्ट मेल केम अक्रॉस अ बिट अब्रप्ट. आय वॉज जस्ट वंडरिंग इफ यू हॅड एनी न्यूज ऑन द मार्च इनव्हॉइस.’ शेवटी नुसतं माझं पहिलं नाव. ते लिहिताना हात अडखळला. वयाने मोठ्या ग्राहकाशी असं बोलायचं म्हणजे जिवावर येतं. तासाभरात उत्तर आलं. ‘नो वरीज. ऑल सॉर्टेड, शुड बी विथ यू बाय वेन्सडे. चीअर्स.’ आमच्या मुलाने विचारलं, ‘चीअर्सला उत्तर काय द्यायचं, सर?’